अर्जासोबतचे एक पान : आत्मप्रशंसा की कामाचा हिशेब?

९ फेब्रुवारी १९१२ रोजी मद्रासमधील चोवीस वर्षांच्या एका तरुणाने तेथील पोर्ट ट्रस्टच्या कार्यालयाला एक लहानसे पत्र लिहिले. आपल्या कार्यालयात कारकुनाची जागा रिकामी असल्याचे समजले, तिच्यासाठी हा अर्ज आहे. मॅट्रिक उत्तीर्ण आहे, एफ. ए.पर्यंत शिकलो, परंतु प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आले नाही; तेव्हापासूनचा काळ गणिताच्या अभ्यासात घालविला आहे; नेमणूक झाल्यास कामाला न्याय देऊ शकेन. पत्राचा आशय एवढाच. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र जोडलेले होते. १ मार्च १९१२ पासून तो तरुण दरमहा ३० रुपयांवर लेखा विभागात रुजू झाला. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन.

पुढच्या वर्षी, १६ जानेवारी १९१३ रोजी, याच कारकुनाने केंब्रिजच्या प्रा. हार्डी यांना पाठविलेले पत्र जगप्रसिद्ध आहे. आरंभी एका वाक्यात स्वतःची ओळख, म्हणजे मद्रास पोर्ट ट्रस्टच्या लेखा विभागातील वार्षिक २० पौंड पगाराचा कारकून, आणि मग पाने भरून गणिती निष्कर्ष. (ज्याचे आयुष्य बँकेत गेले त्याला येथे राहवत नाही. तेव्हाच्या पंधरा रुपयांना एक पौंड या दराने वर्षाचे ३६० रुपये म्हणजे २४ पौंड होतात. स्वतःचे उत्पन्न कमी करून सांगणारा अर्जदार विरळाच!) दोन्ही पत्रांत स्वतःच्या बुद्धिमत्तेविषयी एकही मोठे विशेषण नाही. पहिल्या पत्रात शिक्षण, अडचण आणि शिफारस आहे. दुसऱ्यात प्रत्यक्ष केलेले काम आहे.

निवृत्तीनंतर आपल्या समाजातील मुले-मुली नोकरीचे अर्ज दाखवायला माझ्याकडे येऊ लागली, तेव्हापासून या दोन पत्रांचा उल्लेख मी वारंवार करतो. इतवारी, गांधीबाग, वर्धमाननगर या भागांतील ही मुले बहुधा व्यापारी घरांतील असतात. वडिलांनी आणि आजोबांनी कधी नोकरीचा अर्ज केलेला नसतो. त्यांच्या काळी पेढीवर मुनीम ठेवायचा तर अमक्याचा भाचा, तमक्याचा मुलगा एवढी ओळख पुरत असे. आज तोच नातू मिहानमधील संगणक कंपनीत, बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यात, नाही तर पुण्या-बंगळुरूला अर्ज करतो. तेथे अर्ज उघडणाऱ्या मनुष्यबळ अधिकाऱ्याला त्याच्या आजोबांच्या पेढीचे नाव ठाऊक नसते. तीन पिढ्यांची साख गावाच्या वेशीवर थांबते आणि पुढचा प्रवास त्या एका पानाला करावा लागतो. बायोडाटासोबत जाणारे हे पान म्हणजे कव्हर लेटर.

हे पान सर्वत्र लागत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. सरकारी बँकांच्या आयबीपीएसच्या परीक्षेला किंवा राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला ठरावीक नमुन्यातील अर्ज असतो आणि निवड गुणांवर होते. तेथे पत्र लिहून काही साधत नाही. खासगी कंपन्या, सहकारी संस्था, शाळा, रुग्णालये, स्वयंसेवी संस्था आणि सनदी लेखापालांची कार्यालये येथे मात्र ते वाचले जाते. शेवटचा प्रकार आपल्या घरांत फार महत्त्वाचा. सीएची इंटरमीजिएट परीक्षा झाल्यावर आर्टिकलशिपसाठी रामदासपेठ, धरमपेठेतील कार्यालयांत मुले चकरा मारतात. जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिपचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला आहे. काय शिकायचे ते थोड्या अवधीत शिकायचे असल्यामुळे कोणत्या कार्यालयात जागा मिळते याला अधिकच महत्त्व आले आहे.

मध्यंतरी एका मुलीने मला एक प्रश्न विचारला. तिची आई रोज स्वाध्याय करणारी. मुलीचा अर्ज वाचून आई म्हणाली होती, "ही तर आत्मप्रशंसा झाली. आपल्यात हे बसते का?" मुलगी संभ्रमात पडली होती. पाठशाळेत शिकलेले विनयाचे धडे खरे मानावेत, की 'स्वतःला विकायला शिका' असे सांगणारे प्रशिक्षणवर्ग खरे मानावेत?

आईचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आचार्य उमास्वामींच्या (श्वेतांबर परंपरेत उमास्वातींच्या) तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात नीच गोत्रकर्माच्या आस्रवाची कारणे दिली आहेत. परनिंदा, आत्मप्रशंसा, दुसऱ्याच्या ठिकाणी असलेले गुण झाकणे आणि स्वतःच्या ठिकाणी नसलेले गुण प्रकट करणे, अशी ती चार आहेत. नोकरीच्या अर्जांकडे या दृष्टीने पाहिले तर चारही कारणे सापडतात. नसलेल्या गुणांची यादी तर असतेच. पण 'आमच्या गटाचा प्रकल्प मी यशस्वी केला' असे लिहिताना बरोबरच्या तिघांचे गुणही झाकले जातात. पूर्वीच्या मालकाविषयी कुरकूर करणारे पत्र परनिंदेत मोडते.

परंतु त्याच्या लगेच पुढचे सूत्रही वाचावे. उच्च गोत्राची कारणे सांगताना तेथे या चारांच्या उलट वर्तनासोबत नम्र वृत्ती आणि अनुत्सेक सांगितला आहे. अनुत्सेक म्हणजे ज्ञानादी गुणांनी श्रेष्ठ असूनही त्यांचा गर्व नसणे. गुण असल्याचे नाकारावे, असे कोठेही म्हटलेले नाही. मुलीला मी म्हटले, बेटा, तुझ्या पत्रातील विशेषणे एका बाजूला काढ आणि क्रियापदे दुसऱ्या बाजूला. 'अत्यंत मेहनती', 'कर्तव्यदक्ष', 'उत्कृष्ट संवादकौशल्य असलेली' हे आईला खटकले, ते योग्यच आहे. 'मी दोन वर्षे पाठशाळेच्या तीस मुलांच्या हजेरीची आणि परीक्षेच्या गुणांची नोंद संगणकावर ठेवली' ही मात्र माहिती आहे. ती सांगणे ही प्रशंसा नव्हे. ती लपविली तर समोरच्याला तुझी पारख करता येणार नाही.

बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासताना हाच अनुभव येत असे. 'मी प्रामाणिक उद्योजक असून बँकेचा एक पैसाही बुडविणार नाही' असे लिहिलेल्या अर्जाने आम्ही कधी एक रुपया मंजूर केला नाही. आम्ही मालाचा साठा, येणे-देणे आणि मागील तीन वर्षांचे ताळेबंद पाहत असू. खाते वेळेवर फेडलेले दिसले की प्रामाणिकपणाचा शब्द अर्जदाराला उच्चारावा लागत नसे. अर्ज वाचणारा अधिकारी दुष्ट नसतो; त्याच्या टेबलावर आणखी ऐंशी अर्ज असतात आणि त्या सर्वांत 'प्रामाणिक' हा शब्द असतो, एवढेच.

आता एक नमुना पाहू. इतवारीतील घाऊक किराणा व्यापाऱ्याचा मुलगा, बी. कॉम. झालेला. बुटीबोरीच्या एका कारखान्यात लेखा सहायकाची जागा निघाली. जाहिरातीत जीएसटीची माहिती आणि पुरवठादारांच्या खात्यांचा ताळमेळ घालण्याचा अनुभव मागितला होता. मुलाने लिहून आणले ते असे : "मी अत्यंत प्रामाणिक, मेहनती व जिद्दी तरुण असून आपल्या नामांकित उद्योगसमूहाच्या प्रगतीत मोलाचे योगदान देण्याची माझी तीव्र इच्छा आहे. आव्हाने स्वीकारणे हा माझा स्वभाव आहे. मला कामाचा अनुभव नसला तरी संधी मिळाल्यास मी तिचे सोने करीन."

मी विचारले, अनुभव नाही म्हणजे काय? कॉलेज सुटल्यावर काय करतोस? "काही नाही काका, दुकानावर बसतो." दुकानावर बसून काय करतोस, असे खोदून विचारल्यावर जे निघाले ते ऐकण्यासारखे होते. खरेदीची बिले हा चढवितो. महिन्याच्या चौदा तारखेला जीएसटीआर-२बी तयार झाले की ते खरेदीच्या नोंदवहीशी हाच जुळवितो. एखाद्या पुरवठादाराने बिल दाखविले नसेल तर त्याला फोन करून पाठपुरावा हाच करतो, कारण तसे न झाल्यास वडिलांना त्या कराची वजावट मिळत नाही. छिंदवाडा, शिवनीकडे पन्नास हजारांवरील माल निघाला की ई-वे बिल हाच काढतो. चाळीसएक किरकोळ दुकानदारांच्या उधारीची यादी याच्याच हाती. जाहिरातीत मागितलेले काम हा मुलगा तीन वर्षे करीत होता, आणि पगार मिळत नसल्यामुळे तो त्याला 'काही नाही' म्हणत होता! व्यापारी घरांतील मुलांची ही फार जुनी सवय आहे आणि मुलींच्या बाबतीत ती दुप्पट दिसते.

दोन बैठकांनंतर त्याने जे लिहिले ते पुढे देतो. प्रत्यक्षात ते इंग्रजीत गेले, परंतु आधी मराठीत लिहिले होते.

"महोदय, आपल्या बुटीबोरी येथील कारखान्यातील लेखा सहायक या पदाच्या जाहिरातीस अनुसरून हा अर्ज करीत आहे. पुरवठादारांच्या खात्यांचा ताळमेळ आणि जीएसटीचे काम ही या पदाची मुख्य जबाबदारी असल्याचे जाहिरातीत नमूद आहे. हे काम मी गेली तीन वर्षे आमच्या इतवारीतील घाऊक किराणा दुकानात करीत आहे.

दरमहा सुमारे साठ खरेदी-बिलांची टॅलीमध्ये नोंद करणे, जीएसटीआर-२बीशी ती पडताळणे आणि तफावत आढळल्यास पुरवठादाराशी बोलून ती दूर करून घेणे हे काम माझ्याकडे असते. विवरणपत्रे आमचे सनदी लेखापाल दाखल करतात. त्यांना लागणारी आकडेवारी मुदतीपूर्वी मी तयार करून देतो. परराज्यात जाणाऱ्या मालाची ई-वे बिले मीच काढतो.

दुकान घरचे असल्यामुळे या कामाचे अनुभव-प्रमाणपत्र माझ्याजवळ नाही. आमच्या सनदी लेखापालांनी माझ्या कामाविषयी माहिती देण्याचे मान्य केले आहे. त्यांचा संपर्क बायोडाटात दिला आहे. उत्पादनखर्चाच्या हिशेबाचा प्रत्यक्ष अनुभव मला नाही. तो विषय पदवीला अभ्यासलेला आहे. आपण कळवाल त्या दिवशी भेटीसाठी येऊ शकेन."

या पत्रात मला सर्वांत मोलाचे वाटते ते 'विवरणपत्रे आमचे सनदी लेखापाल दाखल करतात' हे वाक्य. पहिल्या खर्ड्यात मुलाने 'जीएसटीचे सर्व काम मी पाहतो' असे लिहिले होते. ते पूर्ण असत्य नव्हते, पण मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला अडखळायला लावणारे होते. आपल्या कामाची हद्द स्वतःहून आखणाऱ्या माणसावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो, आणि मग हद्दीच्या आतील दाव्यांवरही बसतो. आपल्या परंपरेत भाषासमितीचे लक्षण सांगताना बोलणे हितकर, मोजके आणि असंदिग्ध असावे असे म्हटले आहे. त्यांतील 'असंदिग्ध' हा शब्द अर्ज लिहिणाऱ्याने टेबलासमोर लावून ठेवावा. 'मला टॅलीचे ज्ञान आहे' हे संदिग्ध झाले. साठ बिले ही संख्या असंदिग्ध.

पत्र आपल्याविषयी असले तरी ते वाचणार दुसराच असतो. अनेकान्ताची चर्चा आपण प्रवचनांत ऐकतो. वस्तूला अनेक बाजू असतात आणि आपल्याला दिसते ती एकच नाही, हे तत्त्व अर्जाच्या पानावर फार उपयोगी पडते. अर्जदाराला वाटत असते, मला नोकरी हवी. समोरच्याची बाजू वेगळी असते : मार्चअखेर तोंडावर आली आहे, जुना सहायक सोडून गेला आहे, पुरवठादारांची खाती जुळत नाहीत. 'मला आपल्याकडे खूप शिकायला मिळेल' या वाक्याने त्याची ही अडचण सुटत नाही. पंधराव्या शतकात, सुमारे १४८२ मध्ये, लिओनार्दो दा विंची याने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागण्यासाठी एक पत्र तयार केले. त्यात क्रमाने कलमे घातली आहेत : वाहून नेता येतील असे हलके पूल, तोफा, वेढ्याची यंत्रे, भुयारे. आपण चित्रेही काढू शकतो, हे अगदी शेवटी आले. लुदोविकोला शत्रूंची चिंता होती, त्याप्रमाणे लिओनार्दोने आपल्या विद्यांचा क्रम लावला. (युद्धयंत्रांची यादी आपल्याला भावणारी नाही, पण क्रम पाहण्यासारखा आहे.)

याहून जवळचे उदाहरण पुण्याचे. १९७४ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पदव्युत्तर अभियांत्रिकी शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी सूचनाफलकावर टेल्कोची जाहिरात पाहिली. तिच्या तळाशी स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे लिहिलेले होते. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठविले. टेल्कोचे अध्यक्ष त्या वेळी सुमंत मुळगावकर होते, पण ते त्या वयात त्यांना ठाऊक नव्हते. थोड्याच दिवसांत तार आली, पिंपरीच्या कारखान्यात मुलाखत झाली आणि टेल्कोच्या त्या पहिल्या महिला अभियंता ठरल्या. काटेकोरपणे पाहिले तर ते पत्र अर्ज नसून तक्रार होती. त्यांचा ओढा तेव्हा परदेशी जाऊन पुढे शिकण्याकडे होता. तरीही ते पत्र निष्फळ गेले नाही, कारण त्यात टाटांचीच गोष्ट टाटांना सांगितली होती : देशात मूलभूत उद्योग आपण उभे केले, उच्च शिक्षणाचा विचार आपण केला, ज्या संस्थेत मी शिकते ती आपल्याच पुढाकाराने उभी राहिली, मग आपल्याच कंपनीत स्त्री-पुरुष असा भेद कसा? पोस्टकार्डाच्या जागेत किती मजकूर मावतो, हे आमच्या पिढीला सांगायला नको. तेवढ्या जागेत हे बसले. आजच्या मुलांना मी सांगतो, ज्या संस्थेकडे अर्ज करायचा तिच्याविषयी अर्धा तास वाचा. ती काय तयार करते, कोणाला विकते, नागपुरात कधी आली. मग पत्रात त्यातील एकच गोष्ट घाला, आणि तीही आपल्या कामाशी जुळत असेल तरच. 'आपली नामांकित संस्था' हे शब्द पन्नास संस्थांना चालतात, म्हणून ते कोणालाही लागू पडत नाहीत.

समोरच्याला डोळ्यांपुढे ठेवून विनंती करण्याची कला आपल्या समाजाला नवी नाही. चातुर्मासासाठी आचार्यांना आमंत्रण देण्याकरिता श्वेतांबर संघ विज्ञप्तिपत्रे पाठवीत असत. लांबच लांब गुंडाळ्या, त्यांवर गावातील बाजार, मंदिरे, रस्ते, माणसे यांची चित्रे, आणि विनंतीचा मजकूर त्यानंतर. आग्र्याच्या संघाने १६१० मध्ये आचार्य विजयसेनसूरींना पाठविलेले, शालिवाहन या चित्रकाराने रंगविलेले पत्र त्यांत विख्यात आहे. आपण येथे आलात तर काय पाहाल, हे आधी दाखवायचे आणि मग 'या' म्हणायचे. लिहिणाऱ्यांनी आपली आर्जवे आरंभी ओतली नाहीत, हे विशेष.

काही गोष्टी आपल्या घरांतच अधिक दिसतात, म्हणून त्यांविषयी थोडे स्पष्ट लिहितो. समाजाच्या परिचय पुस्तिकेसाठी केलेला लग्नाचा बायोडाटा बहुतेक मुलांच्या संगणकात आधीच तयार असतो, आणि नोकरीचा अर्ज त्यावरूनच कातरून काढलेला असतो. उंची, गोत्र, वडिलांचा व्यवसाय, मामांचे गाव, स्वतःचे घर आहे की नाही, हा मजकूर खासगी नोकरीच्या अर्जात अनावश्यक आहे. धर्म-जातही तेथे लिहू नये. एका मुलाने पत्राच्या माथ्यावर 'जय जिनेन्द्र' लिहिले होते. भावना सुंदर, पण अनोळखी कार्यालयाला 'महोदय' किंवा नाव ठाऊक असल्यास आदराने नाव हेच उचित. चौविहार, पर्युषण-दशलक्षणातील रजा, प्रवासातील आहार हे प्रश्न खरे आहेत, आणि ते लपवावेत असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु त्यांची जागा पत्रात नाही. नेमणुकीची बोलणी होतील तेव्हा ते नम्रपणे आणि स्पष्टपणे सांगावेत. मद्य किंवा मांस यांच्या व्यवसायात जायचे नाही, हा निर्णय मात्र अर्ज करण्यापूर्वीच घ्यावा. नेमणूक स्वीकारून मग घरात वाद घालण्यात दोन्हीकडची मने दुखावतात.

आधार, पॅन किंवा बँक खात्याचा क्रमांक पत्रात कधीही देऊ नये. नोकरीसाठी आगाऊ रक्कम मागणाऱ्याला तर पत्रच पाठवू नये. बँकेच्या काऊंटरवर अशा फसवणुकीने रडकुंडीला आलेले पालक मी पुष्कळ पाहिले आहेत.

सर्वांत अवघड प्रसंग खंडाचा असतो. सीएचे चार प्रयत्न फसलेला मुलगा, वडिलांच्या आजारपणात दोन वर्षे दुकान सांभाळलेली मुलगी, लग्नानंतर सात-आठ वर्षे नोकरी सोडलेली सून. यांची पत्रे बहुधा दोन टोकांची असतात. एक तर त्या वर्षांचा उल्लेखच नसतो, किंवा अर्धे पान त्या वर्षांच्या दुःखाने भरलेले असते. रामानुजन यांच्या अर्जाकडे पुन्हा पाहा : शिक्षण अर्धवट राहिले हे त्यांनी झाकले नाही, कारण एका वाक्यात सांगितले, आणि पुढच्याच वाक्यात त्या काळात काय केले ते सांगितले. एका ताईंचे पत्र मी जवळून पाहिले. लग्नापूर्वी त्या एका सहकारी बँकेत चार वर्षे होत्या. नंतर मुले लहान आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांनी आधी 'कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे दुर्दैवाने करिअर सोडावे लागले' असे लिहिले होते. मी म्हटले, ताई, सासूबाईंची सेवा केलीत, त्यात दुर्दैव कोणते? चौकशी करता कळले की त्याच काळात मंदिराच्या ट्रस्टचे जमा-खर्च त्या घरून लिहीत होत्या आणि दरवर्षी लेखापरीक्षकांना कागदपत्रेही त्याच काढून देत होत्या. मग त्यांनी लिहिले : "कौटुंबिक कारणांमुळे मी सात वर्षे पूर्णवेळ नोकरी केली नाही. या काळात एका सार्वजनिक ट्रस्टचे हिशेब मी सलग पाच वर्षे लिहिले असून त्यांचे लेखापरीक्षण दरवर्षी झाले आहे. आता मी पूर्णवेळ कामासाठी मोकळी आहे." तीन वाक्ये. पहिल्यात क्षमायाचना नाही आणि तिसऱ्याने नोकरी देणाऱ्याच्या मनातील न विचारलेल्या शंकेचे उत्तर दिले. सीएच्या विद्यार्थ्यानेही असेच करावे : कोणता गट उत्तीर्ण झाला, कोणता राहिला, पुन्हा परीक्षेला बसणार की नाही. शेवटची गोष्ट तर अवश्य लिहावी, कारण अभ्यासाची रजा लागेल का हे त्या कार्यालयाला जाणून घ्यायचेच असते.

आजकाल पुष्कळ मुले चॅटजीपीटीकडून पत्र लिहून घेतात. भाषा निर्दोष असते यात शंका नाही. परंतु एका पतपेढीच्या निवड समितीत बसलो असता तीन वेगळ्या उमेदवारांच्या पत्रांत एकच परिच्छेद जवळजवळ शब्दशः आढळला. समितीतील कोणीही त्यावर रागावले नाही. तिन्ही पत्रे फक्त बाजूला ठेवली गेली. यंत्राला छिंदवाड्याची ई-वे बिले ठाऊक नसतात. ती सांगावी लागतात. ती सांगून मग इंग्रजी दुरुस्त करून घेतले तर माझी हरकत नाही.

लांबी एका पानाची, त्याहूनही कमी असली तर उत्तम. ईमेलने पाठवायचे असल्यास विषयाच्या ओळीत पदाचे नाव, जाहिरातीचा क्रमांक आणि आपले नाव असावे. पत्र ईमेलच्या मजकुरातच लिहावे आणि बायोडाटा पीडीएफ करून जोडावा. त्या फाइलला 'बायोडाटा नवीन अंतिम २' असे नाव न ठेवता स्वतःचे नाव द्यावे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी गमतीने काढलेला ईमेल पत्ता बदलावा. ज्यांचा संदर्भ दिला आहे त्यांची परवानगी आधी घ्यावी आणि अर्ज कोठे केला आहे तेही त्यांना कळवावे. अन्यथा तिकडून फोन आला की ते बिचारे 'कोण? कोणता मुलगा?' असे विचारतात आणि तीन वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडते. पाठविण्यापूर्वी पत्र घरातील कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावे. जेथे वाचताना स्वतःलाच संकोच वाटतो, ते वाक्य काढून टाकावे.

आणि एक जावक-वही ठेवावी. बँकेत प्रत्येक पत्राची आवक-जावक नोंद असे. त्या सवयीचा फायदा येथे होतो. तारीख, संस्था, पद, कोणाच्या नावे पाठविले, पत्रात कोणते दावे केले आणि पत्राची प्रत. मुलाखतीचे बोलावणे दीड महिन्याने येते, तोवर आपण काय लिहिले होते ते विसरायला झालेले असते. दहा-बारा दिवसांत उत्तर न आल्यास दोन ओळींचे स्मरणपत्र एकदाच पाठवावे आणि त्याचीही नोंद वहीत करावी. बुटीबोरीला अर्ज केलेल्या मुलाला त्या कारखान्याने बोलावले, पण जागा दुसऱ्या अनुभवी उमेदवाराला दिली. सव्वादोन महिन्यांनी त्याच लेखा विभागातून फोन आला, आणखी एक जागा निघाली होती. मुलाने वही उघडून आपले जुने पत्र वाचले आणि मगच तो बसस्थानकाकडे निघाला.